वरखताचे पोते : कारखान्यापासून खाचरापर्यंत

मुंबईच्या सांताक्रूझ उपनगरात पूर्वेच्या बाजूस वाकोला नावाची वस्ती आहे. आज तेथे शेत शोधूनही सापडावयाचे नाही. चाळी, इमारती, पूल आणि त्यांच्यामधून मिठी नदीकडे जाणारा वाकोला नाला एवढेच दृष्टीस पडते. तथापि सरकारी कागदोपत्री ही जमीन अजूनही कोळेकल्याण या जुन्या गावाच्या नावाने ओळखली जाते, आणि साष्टी बेटावरील इतर गावांप्रमाणे येथेही एके काळी भाताची खाचरे होती. ती खाचरे शहराच्या पोटात गेली. आता वाकोल्यातील प्रत्येक घरी शिजणारा तांदूळ, डाळ आणि भाजी ही दुसऱ्या कोणाच्या तरी शेतातून येते.

याच वस्तीजवळून पूर्वेकडे चेंबूरला जाणारा जोडरस्ता २०१४ साली खुला झाला. त्या रस्त्याने गेल्यास पलीकडे तुर्भ्याच्या बाजूस, म्हणजे ज्यास आपण ट्रॉम्बे म्हणतो तेथे, राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या सरकारी कंपनीचा खतकारखाना लागतो. आपल्या सेवा सोसायटीच्या वखारीत असलेली 'सुफला' व 'उज्ज्वला' या नावांची पोती याच कंपनीची होत. जेथून शेत नाहीसे झाले त्या वस्तीच्या शेजारीच शेताला लागणारे खत तयार होते, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. शहर शेतकऱ्याकडून धान्य घेते. त्या बदल्यात शहरातील कारखानदारीने शेतकऱ्यास काय द्यावे, आणि शेतकऱ्याने ते कसे वापरावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

परावलंबनाचे दिवस

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत देशाचे अन्नधान्याचे एकूण उत्पादन सुमारे पाच कोटी टन होते. १९५१-५२ साली सबंध देशात वापरल्या गेलेल्या रासायनिक खतांतील अन्नद्रव्ये एक लाख टनांहूनही कमी भरत. १९६५ व १९६६ ही दोन वर्षे लागोपाठ अवर्षणाची गेली. १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य परदेशांतून आणावे लागले. त्या काळात रेशनच्या दुकानापुढे उभे राहिलेले लोक आजही आपल्या गावांत आहेत. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी कशी लागत असे, हे त्यांस विचारावे. दुसऱ्याच्या जहाजाची वाट पाहत राहणे म्हणजे काय, हे त्यांच्या उत्तरावरून समजेल.

आज देशाचे धान्योत्पादन ३० कोटी टनांच्या वर गेले आहे आणि खतांतील अन्नद्रव्यांचा वापर अडीच कोटी टनांच्या पुढे आहे. या वाढीचे सारे श्रेय एकट्या खतास देणे योग्य होणार नाही. सुधारित व संकरित बियाणे, धरणे, विहिरी आणि शेतकऱ्याचे कष्ट यांचा त्यात मोठा वाटा आहे. परंतु अधिक उत्पन्न देणारे बियाणे अधिक खाणारे असते. १९६४ साली निघालेल्या सीएसएच-१ या संकरित ज्वारीस जुन्या पद्धतीने नुसते चार गाड्या शेणखत देऊन भागले नसते.

हवेतून खत कसे निघते

पिकास मुख्यत्वेकरून नत्र, स्फुरद व पालाश ही तीन अन्नद्रव्ये लागतात. यांपैकी नत्र आपल्या भोवतालच्या हवेत शेकडा ७८ भाग आहे. पण हवेतील नत्र पिकास घेता येत नाही. हरभरा, तूर, मूग यांसारख्या द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू मात्र ते धरू शकतात. १९०९ साली फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हवेतील नत्र व हायड्रोजन यांचा मोठ्या दाबाखाली आणि उष्णतेत संयोग घडवून अमोनिया तयार करून दाखविला. कार्ल बॉश याने ती कृती कारखान्यात आणली, आणि १९१३ साली जर्मनीत ओपाऊ येथे असा पहिला कारखाना सुरू झाला. ह्या अमोनियाचा कर्बवायूशी संयोग केला म्हणजे युरिया तयार होतो.

स्फुरदाची गोष्ट निराळी आहे. ते खनिज दगडात असते. त्या दगडावर गंधकाम्लाची क्रिया केली म्हणजे पिकास घेता येण्याजोगे सुपर फॉस्फेट मिळते. आपल्या राज्यात अंबरनाथ येथे धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने हे काम फार पूर्वी हाती घेतले. त्या कंपनीची स्थापना १९१९ सालची आहे.

ट्रॉम्बे येथील खतकारखाना १९६५ साली सुरू झाला. तो प्रथम भारतीय खत महामंडळाचा होता. १९७८ साली महामंडळाची पुनर्रचना होऊन राष्ट्रीय केमिकल्स ही कंपनी निघाली. प्रारंभी शेजारच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतून मिळणाऱ्या नॅफ्थ्यापासून येथे हायड्रोजन काढीत. १९७४ साली मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडले आणि पुढे त्याबरोबर येणारा नैसर्गिक वायू खतासाठी उपयोगात आला. अलिबागजवळ थळ येथील मोठा कारखाना १९८५ साली ह्याच वायूच्या भरवशावर उभा राहिला. हा तपशील देण्याचे कारण असे की, खताचे पोते म्हणजे एक प्रकारे बांधून ठेवलेले इंधनच होय. वायूचा भाव चढला की खताचा उत्पादनखर्च चढतो. देशास लागणाऱ्या वायूचा मोठा हिस्सा, खनिज स्फुरदाचा बराचसा भाग आणि पालाश जवळजवळ सर्वच्या सर्व परदेशांतून आणावे लागते. सबब शेतात वाया गेलेले प्रत्येक मूठभर खत हे शेतकऱ्याचे नुकसान आहेच, शिवाय ते देशाचेही नुकसान आहे.

पोत्यात काय आहे?

खत विकत घेताना पोत्याचे वजन न पाहता त्यातील अन्नद्रव्य पाहावे. युरियाचे पोते आता ४५ किलोचे असते व त्यात शेकडा ४६ भाग नत्र असते, म्हणजे एका पोत्यात २० किलो ७०० ग्रॅम नत्र मिळते. ५० किलोच्या डीएपीच्या पोत्यात ९ किलो नत्र व २३ किलो स्फुरद असते. १५:१५:१५ या मिश्रखताच्या ५० किलोच्या पोत्यात नत्र, स्फुरद व पालाश प्रत्येकी साडेसात किलो असते. शेकडा १६ भाग स्फुरद असलेल्या सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या पोत्यात ते ८ किलो भरते.

चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारणतः शेकडा अर्धा भाग नत्र असते. युरियाच्या एका पोत्याइतके नत्र द्यावयाचे तर चार टन, म्हणजे आठ-एक गाड्या शेणखत लागेल. हे ऐकून काही शेतकरी बंधू म्हणतात, "मग शेणखत कशाला वाहावयाचे?" हा विचार घातक आहे. शेणखतामुळे जमीन भुसभुशीत होते, तिची ओल धरून ठेवण्याची शक्ती वाढते, आणि वरून दिलेले खत वाहून न जाता जमिनीत टिकते. भरखत हे जमिनीसाठी आणि वरखत हे पिकासाठी, अशी खूणगाठ बांधावी.

दुसरी चूक याहून मोठी आहे. २०१० सालापासून स्फुरद व पालाश यांच्या खतांना अन्नद्रव्यांच्या प्रमाणात ठरावीक अनुदान मिळू लागले व त्यांचे भाव चढले. युरियाचा भाव मात्र बांधलेला राहिला. साहजिकच स्वस्त म्हणून युरिया अधिक, आणि बाकीची खते कमी, असा प्रकार सुरू झाला. नुसत्या नत्राने पीक हिरवेगार व उंच दिसते, पण ते लोळते, त्यावर कीड-रोग लवकर पडतात आणि दाणा भरत नाही. काळ्या, चुनखडीच्या जमिनीत उसावर केवडा पडतो, तो बहुधा लोहाच्या कमतरतेने पडतो. तेथे आणखी एक पोते युरिया टाकणे म्हणजे तापात पडलेल्या माणसास पुरणपोळी वाढणे होय. आपल्या राज्यातील बऱ्याच जमिनींत जस्तही कमी आहे. माती तपासल्याशिवाय ह्या गोष्टी कळत नाहीत. २०१५ सालापासून शेतकऱ्यांस जमीन आरोग्यपत्रिका देण्याची योजना चालू आहे. ती पत्रिका कपाटात न ठेवता खत घ्यावयास जाताना बरोबर न्यावी.

एक कबुली

माझ्या नोकरीच्या प्रारंभी कोकणातील एका गावात मी भातास युरिया देण्याचा प्रचार करीत होतो. एका वृद्ध शेतकऱ्यास मी हेक्टरी किती खत द्यावे ते बिनचूक सांगितले. ते केव्हा व कसे द्यावे हे सांगावयाचे राहून गेले. त्यांनी पाण्याने भरलेल्या खाचरात सबंध खत एकाच दिवशी फोकून दिले. रात्री पावसाची मोठी सर आली आणि सकाळी बांध फुटलेले होते. पुढच्या भेटीत ते मला म्हणाले, "साहेब, तुमचं खत खाडीतल्या माशांनी खाल्लं. पैसे मात्र माझे गेले." त्यावर मजजवळ उत्तर नव्हते. चूक माझी होती. पुस्तकातील आकडा मी शेतावर नेला, पण त्या शेतावरचे आभाळ पाहिले नाही.

कोकणच्या पावसाचा अंदाज मुंबईकरांसही आहे. २६ जुलै २००५ रोजी वाकोल्यापासून जवळच असलेल्या सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. असा दिवस क्वचित येतो हे खरे, पण जुलै महिन्यात कोकणातील खाचरातून पाणी वाहून जात नाही असा आठवडा विरळा. उघड्यावर फोकलेल्या युरियाचा काही भाग पाण्याबरोबर जातो, काही झिरपून मुळांखाली उतरतो, आणि काही वायुरूपाने उडून जातो. भातास दिलेल्या नत्रापैकी निम्मेही पुष्कळदा पिकाच्या पदरी पडत नाही.

चारसूत्री पद्धत

यावर उपाय आपल्याच मातीत तयार झाला आहे. डॉ. नारायण सावंत यांनी भातासाठी जी चारसूत्री पद्धत रूढ केली, तिच्यात कारखान्याचे खत आणि शेतावरचे खत यांचा मेळ उत्तम साधला आहे. पहिले सूत्र म्हणजे भाताचा पेंढा व तुसाची राख जमिनीस परत देणे, ज्यायोगे पिकास सिलिका व पालाश मिळते. दुसरे सूत्र म्हणजे चिखलणीच्या वेळी गिरिपुष्पाचा हिरवा पाला आरास सुमारे ३० किलो याप्रमाणे गाडणे. तिसरे सूत्र म्हणजे दोरीवर १५ व २५ सेंटिमीटर अशा आलटूनपालटून अंतराने, चुडात दोन-तीन रोपे ठेवून लावणी करणे. चौथे सूत्र म्हणजे युरिया व डीएपी यांच्या दाबून केलेल्या गोळ्या, ज्यांस ब्रिकेट म्हणतात, त्या चार चुडांच्या चौकोनाच्या मध्यभागी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचणे.

एक गोळी २ ग्रॅम ७०० मिलिग्रॅम वजनाची असते. वरील अंतराने एका आरात ६२५ चौकोन होतात, म्हणून आरास ६२५ गोळ्या, अर्थात पावणेदोन किलोच्या आत खत लागते. हेक्टरी हिशेब केल्यास ते १६९ किलोच्या आसपास येते. गोळीत युरिया साठ भाग व डीएपी चाळीस भाग असल्यास त्यातून ५८ किलोच्या सुमारास नत्र व ३१ किलोच्या सुमारास स्फुरद मिळते. फोकून देण्याच्या पद्धतीत सुधारित भातास हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे बचत किती ते दिसून येईल. गोळी चिखलात खोल असल्यामुळे ती हळूहळू विरघळते, पाण्याबरोबर वाहून जात नाही, आणि बांधावरच्या तणाऐवजी पिकाच्या मुळास लाभते.

ह्या पद्धतीची अडचण लपविण्यात अर्थ नाही. गोळ्या हाताने खोचाव्या लागतात. लावणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत, आणि वाकून काम करणाऱ्या स्त्रियांच्या कमरेवर त्याचा भार पडतो. म्हणून सारे क्षेत्र एकदम करू नये. वर सांगितलेल्या वृद्ध शेतकऱ्याकडे पुढल्या वर्षी आम्ही दोनच आरांचे प्रात्यक्षिक घेतले. आश्विनात दोन्ही तुकडे शेजारी-शेजारी उभे असताना त्यांनी लोंब्या हातात धरून पाहिल्या आणि आपण होऊन सांगितले की, पुढच्या साली घराजवळचे खाचर तरी असेच लावू. शेतकऱ्याचा विश्वास भाषणाने न बसता त्याच्याच बांधावर बसतो. खोचणीसाठी हलके, स्वस्त आणि चिखलात चालणारे अवजार काढणे, हे यंत्र व रसायन या दोन्ही धंद्यांचे काम आहे.

कारखान्यांनी केलेली आणखी एक सुधारणा येथे नमूद करावी. २०१५ सालापासून देशात तयार होणाऱ्या सर्व युरियावर निंबोळी तेलाचा लेप देणे बंधनकारक झाले. त्यामुळे नत्राचे रूपांतर सावकाश होते. शिवाय शेतकऱ्याच्या नावावर येणारा स्वस्त युरिया प्लायवूडच्या डिंकाकडे व इतर धंद्यांकडे वळविणेही त्यामुळे कठीण झाले.

औषध आणि विष

पिकावर फवारण्याच्या औषधास आपण औषध म्हणतो, परंतु ते विष आहे हे विसरू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो लोकांस रुग्णालयात ठेवावे लागले. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, तोंडावर फडकेही नाही, आणि दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली, अशा स्थितीत अनेकांनी फवारणी केली होती. पीक वाचविण्यासाठी गेलेला घरचा कर्ता माणूस परत आला नाही. ह्या घटनेचा विसर कोणत्याही ग्रामकार्यकर्त्यास पडता कामा नये.

कीटकनाशकांसंबंधीचा कायदा १९६८ सालचा आहे. प्रत्येक डब्यावर व बाटलीवर तिरपा चौकोन असतो व त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. तांबडा अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, नंतर निळा व शेवटी हिरवा. हिरवा रंग म्हणजे निर्धोक असा अर्थ नाही. ज्यास अक्षरओळख नाही त्यासही रंग समजतो. म्हणून ही गोष्ट घरोघर सांगावी, आणि फवारणीस जाणाऱ्या मजुरास तर अवश्य सांगावी.

अंश राहण्याचा धोका खाणाऱ्यासही आहे. २०१० साली आपल्या राज्यातून युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक आढळले, माल अडकून पडला आणि बागाईतदारांस मोठा फटका बसला. तेव्हापासून परदेशी ग्राहकासाठी आपण काळजी घेऊ लागलो. तीच काळजी वाकोल्याच्या बाजारात वांगी घेणाऱ्या बाईसाठी का घेऊ नये?

कारखानदारीकडून अपेक्षा

शेतकऱ्यास उपदेश करावयाचा आणि कारखान्यास काहीच म्हणावयाचे नाही, हे न्यायाचे होणार नाही. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ येथे हजारो माणसे दगावली, तो वायू कीटकनाशकाच्याच कारखान्यातून सुटला होता. शेताच्या रक्षणासाठी निघालेल्या धंद्याने वस्तीचा बळी घेऊ नये, ही पहिली अपेक्षा. दुसरी अपेक्षा पाण्याची. ट्रॉम्बेच्या कारखान्यात शहराचे सांडपाणी शुद्ध करून ते कामास घेण्याची सोय केलेली आहे. पिण्याच्या पाण्यावरील भार कमी करण्याचा हा मार्ग अनुकरणीय आहे. तिसरी अपेक्षा विक्रीची. खताच्या पोत्याबरोबर नको असलेली बाटली वा पुडी घेतल्याशिवाय खत देत नाही, अशी तक्रार हंगामात ठिकठिकाणी ऐकू येते. ही सक्ती बेकायदेशीर आहे. पावती न देणे हेही तसेच. चौथी अपेक्षा अशी की, डब्यावरील मजकूर शेतकऱ्याच्या भाषेत आणि वाचता येईल अशा अक्षरात असावा.

ग्रामकार्यकर्त्यांनी ध्यानी घ्यावयाच्या गोष्टी

१. माती तपासल्यावाचून खताची मात्रा सांगू नये. मात्रेबरोबर वेळ व रीत अवश्य सांगावी.

२. खत खरेदीची पावती घ्यावयास लावावी, आणि पोत्यावरील शिवण व छापील मजकूर पाहण्याची सवय लावावी.

३. युरिया दोन-तीन हप्त्यांत विभागून द्यावा. खाचरातील पाणी कमी करून व आभाळ पाहून द्यावा.

४. गावात निदान एका शेतावर ब्रिकेटचे लहान प्रात्यक्षिक घ्यावे व कापणीच्या दिवशी गाव बोलवावे.

५. फवारणी वाऱ्याच्या दिशेने करावी, उलट करू नये. हातमोजे, मुखवटा व पूर्ण अंगभर कपडे वापरावेत. तोटी तोंडाने फुंकू नये. शिफारस नसता औषधे एकत्र कालवू नयेत.

६. विषबाधेची शंका येताच अंगावरील कपडे काढून साबणाने अंग धुवावे, आणि औषधाचा डबा अथवा त्यावरील कागद घेऊन रोग्यास तत्काळ डॉक्टरकडे न्यावे.

७. फवारणी व काढणी यांमध्ये डब्यावर लिहिलेले दिवस जाऊ द्यावेत.

वाकोल्याच्या नाल्यावर उभे राहिले म्हणजे तेथे एके काळी भात पिकत होते यावर विश्वास बसत नाही. शहर वाढत जाईल, जमीन वाढणार नाही. जी जमीन उरली आहे तिच्यातूनच सर्वांचे पोट भरावयाचे आहे. त्यासाठी कारखान्याचे खत हवे, गोठ्याचे खत हवे आणि दोन्ही योग्य वेळी योग्य जागी पडतील असे पाहणारा माणूसही हवा. कारखाना पोते भरतो आणि गाडी ते गावापर्यंत पोचविते. तेथून पुढे मुळापर्यंतचे शेवटचे सात सेंटिमीटर मात्र आपले, म्हणजे शेतकऱ्याचे व ग्रामकार्यकर्त्याचे आहेत. ते अंतर नीट राखले तर पुन्हा कोणा वृद्ध शेतकऱ्याचे पैसे खाडीत जाणार नाहीत.